बिननावाचा राखण्या

११ ऑगस्ट

आज एक गेली. काळी, एका कानाची. दुपारी अडीचच्या सुमारास, बोअरच्या पलीकडच्या काटेरी झाडांमागे. नरडं धरलेलं, मांड्या आणि बरगड्या खाल्लेल्या, डोकं आणि कातडं तसंच टाकलेलं. वाळूतल्या ठशांत नखं उमटली होती, म्हणजे चित्ता. बिबट्या चालताना नखं आत ठेवतो. कळपात आता सदतीस उरल्या.

दवाखान्यात चौदा वर्षं पाळी संपली की वहीत नोंद करायची आणि मगच घरी जायचं, अशी सवय. ती जात नाही. शिवाय इथे माळावर बोलायला कोणी नाही. पाको चार वर्षांचा आहे आणि त्याला फक्त खड्डे खणण्यात रस आहे.

वडील गेले आणि त्यांच्या शेळ्या माझ्याकडे आल्या. नर्सची नोकरी सोडून मी इथे आले त्याला पाच महिने झाले. माझी आई गावात असते. माझी थोरली, त्लामेलो, तिच्याकडे राहून शाळेत जाते. मुलांचे वडील दक्षिणेत खाणीवर गेले आणि तिथेच रमले. मी आईला शब्द दिला आहे की कळप तीसच्या खाली गेला तर उरलेल्या शेळ्या विकायच्या, मी पुन्हा शहरात नोकरीवर जायचं आणि पाकोलाही पुन्हा तिच्याकडे ठेवायचं. त्लामेलो दहा वर्षांची आहे. त्यातली सात आजीकडे गेली. शेळ्या टिकल्या तर निदान सुट्ट्यांत दोन्ही मुलं माझ्या छपराखाली असतील. एवढंच कारण आहे. एरवी शेळ्या मला फारशा आवडत नाहीत.

२४ ऑगस्ट

मोत्सुमी मामा आले. आईचे धाकटे भाऊ, शेजारच्या माळावर असतात. शेजारचा म्हणजे चालत दोन तास. कोटाच्या खिशातून त्यांनी एक पिल्लू काढून माझ्या हातावर ठेवलं. डोळे मिटलेले, तपकिरी, पुढचा एक पाय पांढरा.

"हे काय मामा?"

"चित्त्याचं औषध. नर्सबाईंना औषध कळतं ना?"

"एवढंसं?"

"तूही एवढीशीच होतीस. आता बघ, कशी माझ्याच अंगावर ओरडतेस."

ज्या शेळीचं करडू परवा मेलं, तिच्या दुधाने त्यांनी पिल्लाला डोक्यापासून शेपटीपर्यंत माखलं आणि आचळाला लावलं. शेळीने दोनदा लाथ मारली, तिसऱ्यांदा हुंगलं, मग उभी राहिली.

मामांचे नियम मी जसेच्या तसे लिहून ठेवते. कुत्रा वाड्यात शेळ्यांमध्ये वाढेल. घरात नाही, चुलीपाशी नाही, मांडीवर तर नाहीच. मोठा झाला की आंबील द्यायची, दिवसातून एकदा, वाड्याच्या आत, आणि देऊन तोंड फिरवायचं. मुलांनी हात लावायचा नाही. नाव ठेवायचं नाही.

"नाव का नाही?" मी विचारलं.

"नाव ठेवलं की हाक मारता येते. हाक मारली की येतो. आणि तो तुझ्याकडे आला की शेळ्यांकडे कोण राहिलं?"

मला हे पटलं. मुलांचंही असंच असतं. सारखं जवळ घेतलं की मूल मऊ पडतं आणि जगात कामाला येत नाही. आई आमच्याशी अशीच वागली आणि आमचं काही बिघडलं नाही.

९ सप्टेंबर

पिल्लाचे डोळे कधीच उघडले. करडांच्या ढिगात झोपतं. पाकोला ताकीद दिली आहे. तो म्हणाला, "तो शेळी आहे का?" मी म्हटलं, हो. त्याने ते मान्य केलं.

एक लहान शेळी कोल्ह्याने नेली. छत्तीस.

२ ऑक्टोबर

उन्हाने हात भेगाळले आहेत. संध्याकाळी व्हॅसलीन लावते, मग वाड्यात जाऊन पिल्लाच्या कानांतले गोचिड काढते. सहा निघाले. वीस मिनिटं लागली.

३ ऑक्टोबर

गोचिड पाहिले. नव्हते. वीस मिनिटं.

१९ ऑक्टोबर

रात्री गारठा होता. दवाखान्याचा जुना निळा स्वेटर वाड्यात टाकला. शेळ्यांनाही उपयोगी पडेल. सकाळी पाहिलं तर त्याच्यावर पिल्लू एकटंच होतं.

हल्ली ते मला बघून येतं आणि अंगाचं सगळं वजन माझ्या नडगीवर टाकून उभं राहतं. ही सवय मोडायला हवी. आज मोडली नाही.

११ नोव्हेंबर

कोल्ह्यांनी पंधरा दिवसांत दोन नेल्या. चौतीस. वारुळावर चढून आईला फोन केला. रेंज तिथेच येते. आईने आधी आकडा विचारला, मग माझी तब्येत. त्लामेलोला फोन द्यायला सांगितलं. ती म्हणाली, "बरी आहे. तू?" मी म्हटलं, बरी. बॅटरी जात होती म्हणून ठेवला.

पिल्लाला दोन दिवस कणकण वाटली, म्हणून थर्मामीटर लावला. ताप नव्हता. तरी आंबिलीत थोडं दूध आणि साखर घातली. वाड्यात त्याला काही सांगायचं तर तोंडी काहीतरी लागतं, म्हणून "ए बाळा" म्हणते. हे नाव नव्हे.

७ डिसेंबर

शाळा सुटली. दुकानवाल्याच्या पिकअपमधून त्लामेलो आली. दोन इंच उंच झाली आहे. मी हात पुढे केला, तिनेही दोन्ही हातांनी रीतसर हात दिला. शिस्त आहे मुलीला, बरं वाटलं. पाको मात्र तिच्या गळ्याला जो लटकला तो जेवेपर्यंत उतरला नाही.

तिने निकाल दाखवला. वर्गात दुसरी.

"पहिली कोण?" मी विचारलं.

"तिरो. तो मुलगा आहे."

"मुलगा असला म्हणून काय झालं?"

"काही नाही," म्हणाली आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला.

तिला कुत्र्याचे नियम सांगितले. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग गोचिड पाहायला गेले. परत आले तर ती दारात बसून वाड्याकडे बघत होती.

"तू त्याला बाळा म्हणतेस," ती म्हणाली.

"हाक आहे ती. नाव नाही."

१६ डिसेंबर

आज पहिल्यांदा कुत्र्याला कळपाबरोबर माळावर सोडलं. मामा म्हणाले होते, नाताळच्या आधी सोड. सकाळी सातला शेळ्यांच्या मधोमध चालत ऐटीत गेला. मी वारुळावरून पाहत होते. साडेआठला घराच्या दारात हजर. जीभ बाहेर, शेपटी हलवत. मी आणि त्लामेलो दोघी दारातच होतो.

संध्याकाळी कळप परत आला, एक कमी. तेहतीस.

१७ डिसेंबर

सातला सोडला. नऊला परत.

१८ डिसेंबर

सातला सोडला. सव्वाआठला परत. खडा मारून हाकलला. दहा पावलं गेला, वळून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. दुसरा खडा हातात होता, पण नेम चुकला असता, म्हणून टाकून दिला.

कोणीतरी त्याचे लाड करतं आहे. त्याशिवाय कुत्रा असा वागत नाही.

२५ डिसेंबर

नाताळला बोकड कापायचा रिवाज आहे. यंदा कोंबडी केली. त्लामेलोने भाकर भाजली, चांगली झाली होती. पाकोने जेवणाआधीची प्रार्थना स्वतःची स्वतः रचली. तीत शेळ्या, खड्डे आणि "आमचा भाऊ कुत्रा" असे तिघे होते. त्लामेलो हसली. मलाही हसू आलं, पण प्रार्थनेत हसू नये.

२७ डिसेंबर

दोन गेल्या. एकाच दिवशी, एकाच जागी. त्यांतली एक गाभण होती. तेव्हा कुत्रा आमच्या घराच्या सावलीत झोपला होता. एकतीस.

संध्याकाळी कुत्र्याचे कान हुंगून पाहिले. व्हॅसलीनचा वास. माझ्या डबीतलं व्हॅसलीन त्लामेलोही लावते. मीही लावते, पण मी फक्त गोचिड काढते.

तिला समोर उभं केलं.

"खरं सांग. कुत्र्याचे लाड कोण करतं?"

"मी नाही."

"पाको तर दिवसभर माझ्या नजरेसमोर असतो. मग कोण?"

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. डोळे खाली केले नाहीत. मोठ्या माणसाकडे असं बघणं उद्धटपणाचं आहे, हेही सांगितलं.

"सांगून टाक," मी म्हटलं. "मारणार नाही."

"तुला राग येईल."

"चूक कबूल केली तर राग येत नाही."

"चूक माझी नाहीये, आई," म्हणाली आणि रडायला लागली. रडली म्हणजे मनात काही असणार.

२९ डिसेंबर

पिकअप आज येणार होती. त्लामेलोला गावी पाठवलं. सुट्टीचे दहा दिवस बाकी होते. पण आता एकतीस आहेत आणि मला धोका पत्करता येत नाही. शेळ्या गेल्या तर पुढची एकही सुट्टी राहणार नाही, हे तिला समजावलं. ती "हो" म्हणाली. कपड्यांची घडी तिने स्वतः घातली. गाडीत बसताना पुन्हा रीतसर हात दिला.

तिने हात करावा म्हणून मी उभी होते. तिने केला नाही. उन्हात डोळ्यांवर तिरीप येत असेल.

कुत्रा माझ्या नडगीला टेकून उभा होता.

८ जानेवारी

त्लामेलो जाऊन दहा दिवस झाले. कुत्रा रोज नऊच्या आत परत येतो. आज अजून एक गेली.

तीस.

या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले. अजून एक गेली तर सगळं संपलं. मामांना निरोप धाडला. कुत्रा गोळी घालून टाकावा, की दुसरा आणावा, हे त्यांनी येऊन ठरवावं. गोळीचं लिहिताना हात थांबला होता, हे खरं आहे, तेही लिहून ठेवते.

१२ जानेवारी

मामा आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "चला, जरा माळावर जाऊ."

कळप वाड्यातून काढला. मामांनी पाकोला उजवीकडे चालायला सांगितलं, स्वतः डावीकडे गेले आणि मला म्हणाले, तू सरळ चाल, मागे बघायचं नाही, बोलायचं नाही. शेळ्या चौथ्या दिशेला, चाऱ्याकडे निघाल्या. पन्नास पावलं चालल्यावर नडगीला ऊब लागली. मी मागे पाहिलं नव्हतं. कुत्रा पायाशीच होता.

पुन्हा केलं. जागा बदलून. पाको सरळ, मी उजवीकडे. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मामा म्हणाले, राहू दे आता.

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मी त्याला खायला देते म्हणून," मी म्हटलं.

"मीही माझ्या कुत्र्याला देतो. गेली सहा वर्षं देतोय. तो माझ्याकडे ढुंकून बघत नाही."

"मी गोचिड काढते फक्त."

"रोज?"

"रोज."

"अगं, गावातल्या सगळ्या कुत्र्यांना मिळून एवढे गोचिड नसतात! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" ते हसायला लागले. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. "कुंपणानेच शेत खाल्लं, पोरी. होतं असं. कुत्रा चांगला आहे, जीव लावणारा आहे. फक्त जीव चुकीच्या जागी लागलाय."

पाको म्हणाला, "आई त्याच्या कानात बोलते. ताई आणि मी दारातून बघायचो."

मी घरात गेले. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली.

त्लामेलोला माहीत होतं. "तुला राग येईल" म्हणाली होती. माझी लाज राखायला ती दहा वर्षांची पोर गप्प बसली, आणि मी तिला गाडीत घालून पाठवलं. हे लिहायला मला संध्याकाळ झाली. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१३ जानेवारी

मामांचा उपाय असा की कुत्र्याने मला विसरायचं. त्यासाठी मी इथे नको. तीन महिने तरी. तोवर ते स्वतः इथे राहणार आणि त्यांचा कळप त्यांचा मुलगा बघणार.

"आणि नाही विसरला तर?"

"कुत्रा आहे. विसरेल." मग म्हणाले, "जाताना त्याच्याकडे जाऊ नकोस. काय निरोप घ्यायचा तो काल घेतला असशील."

काल घेतला नव्हता. आजही त्याच्याकडे गेले नाही. पिकअप निघाल्यावर तो वाळूतून बराच वेळ मागे धावत आला. पाको त्याला मोठ्याने सांगत होता, "तू शेळी आहेस! परत जा!"

१४ जानेवारी

काल संध्याकाळी गावात आईकडे उतरले. त्लामेलोने अंगणात खुर्ची आणून ठेवली, गुडघे किंचित वाकवून दोन्ही हातांनी पाण्याचा पेला दिला आणि बाजूला उभी राहिली. पाहुण्याला करतात तसं.

मी म्हटलं, "कुत्र्याचे लाड मी करत होते. तू नाही. मी चुकले."

आईच्या हातातली रवी थांबली. आमच्या घरात मोठ्यांनी लहानांना असं म्हणायची पद्धत नाही.

त्लामेलोने पेला परत घेतला. "मला माहीत होतं," म्हणाली. आणि मग, "तू किती दिवस आहेस?"

"तीन महिने. त्याने मला विसरायला हवं."

"तीन महिन्यांत होतं?"

"मामा म्हणतात, होतं."

आई म्हणाली, "पाकोला तर तुला विसरायला पंधरा दिवस पुरायचे. तू दवाखान्यातून यायचीस तेव्हा मावशी आली म्हणून आत पळायचा." ती हसली, पाकोही हसला. मी हसले नाही.

१९ जानेवारी

आज मामांचा फोन आला. म्हणाले, कुत्रा तीन दिवस वाटेकडे तोंड करून बसला होता, खाल्लं नाही. चौथ्या दिवशी खाल्लं. आज उठून शेळ्यांबरोबर गेला आणि दुपारपर्यंत आला नाही. कळप तीसचा तीस.

मी हे मुलांना सांगितलं. त्लामेलो गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मीपण वाटेवर बसायचे. तू मला पहिल्यांदा इथे ठेवून गेलीस तेव्हा."

"तुला कसं आठवेल? तीन वर्षांची होतीस."

"आजीला विचार."

ती झोपल्यावर आईला विचारलं. आई म्हणाली, "हो, त्या चिंचेखाली. ताट तिथेच नेऊन द्यायचे मी."

"किती दिवस?"

"आठ."

नोंद: आठ.

मी तेव्हा रोज फोन करायचे. आई सांगायची, छान खेळते आहे. मी तिला विचारलं, खोटं का सांगितलंस? म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून आली असतीस. मग खाल्लं काय असतं?" मग ती आपण होऊन म्हणाली, "तुलाही मी जवळ घ्यायचे, बोइकान्यो. तुला आठवत नसेल एवढंच. मग तू मोठी झालीस आणि मला वाटलं, आता पुरे. कोणी सांगितलं होतं पुरे म्हणून, कोण जाणे."

२ फेब्रुवारी

त्लामेलो माझ्याशी नीट बोलते. विचारलं तेवढं सांगते. भांडत नाही, मागत नाही. वॉर्डात असा रुग्ण असला की आम्ही म्हणायचो, काही त्रास नाही बिचाऱ्याचा. आणि पहाटे तोच दगावलेला सापडायचा.

काय करावं ते मला कळत नाही. सरळ जवळ घ्यायला गेले तर ती लाकडासारखी ताठ होते. मीही होते.

१६ फेब्रुवारी

रविवार. शाळेत उवा झाल्यात असं ऐकलं. त्लामेलोला म्हटलं, बस, उवा बघते. ती माझ्यापुढे जमिनीवर पाठ करून बसली. वेण्या सोडल्या, एकेक भाग करून पाहिलं.

उवा नव्हत्या. वीस मिनिटं लागली.

१७ फेब्रुवारी

संध्याकाळी म्हटलं, "बस, उवा बघते."

"कालच बघितल्यास ना?"

"पुन्हा बघते."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग बसली.

१८ फेब्रुवारी

नव्हत्या.

३ मार्च

मामांचा फोन आला. एवढा जोरात ओरडत होते की आईला अंगणात ऐकू आलं. दुपारी चित्ता आला होता. एक नव्हे, दोन भाऊ. कुत्रा शेळ्या आणि त्यांच्यामध्ये उभा राहून भुंकत होता. अंग कमी आणि आवाज जास्त, मामा म्हणाले. चित्ते बघत राहिले, मग कंटाळून निघून गेले. चित्ता मारामारीला भितो, पाय मोडला तर उपाशी मरेल म्हणून. तीस आहेत, आणि परवा दोन करडं झाली.

मला फार आनंद झाला. पाकोला उचलून घेतलं. मग त्लामेलोकडे पाहिलं. ती म्हणाली, "तो विसरला वाटतं तुला."

"असं दिसतं."

"वाईट वाटलं?"

"हो," मी म्हटलं.

ती फणी घेऊन आली आणि न सांगता माझ्यापुढे बसली.

२३ मार्च

आज वेण्या घालून झाल्यावरही त्लामेलो उठली नाही. उद्याच्या धड्यातलं काहीतरी पाठ म्हणत होती. म्हणता म्हणता मागे रेलली आणि सगळं वजन माझ्या नडग्यांवर टाकलं. डोकं गुडघ्यावर. जड झाली आहे. डावा पाय बधिर झाला, पण हलवला नाही. आईने आतून दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा बाहेर येऊन पाहिलं आणि ताटं झाकून ठेवली.

१७ एप्रिल

शाळा सुटली. मामा म्हणाले, आता या, कुत्रा शेळ्यांचा झाला. चार तास वाळूतून हिसके खात तिघंही माळावर पोहोचलो. कळप बोअरवर पाणी पीत होता. तीस, आणि करडं अकरा. कुत्रा केवढा वाढला आहे! पांढरा पाय नसता तर मी ओळखलाच नसता.

मी तीस पावलांवर होते तेव्हा तो उठला. शेळ्यांच्या पुढे येऊन उभा राहिला. मानेवरचे केस ताठ करून माझ्यावर भुंकायला लागला.

मामा मागून म्हणाले, "बघ! अशी नोकरी दवाखान्यात तरी केलीस का कधी?"

हेच हवं होतं. यासाठीच मी गेले होते. तरी तो मला हुंगेल, एकदा तरी थांबेल, असं वाटत होतं, हे लिहायला हरकत नाही.

पाको त्याच्याकडे धावायला निघाला. त्लामेलोने त्याची कॉलर धरली. "हात लावायचा नाही. तो कामावर आहे."

हे वाक्य माझं आहे. ती पाच वर्षांची असताना आई तिला घेऊन वॉर्डात आली होती. तेव्हा मी दारातूनच म्हटलं होतं, जवळ यायचं नाही, मी कामावर आहे. तिने ते जपून ठेवलेलं दिसतं.

कुत्रा भुंकतच होता. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ए बाळा."

त्याने कानही हलवला नाही.

"काय गं?" शेजारून त्लामेलो म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती कुत्र्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मागच्या डिसेंबरसारखीच, डोळे खाली न करता.

"काही नाही," मी म्हटलं. "चल, चहा टाकू."

हाक कुणाला होती ते मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. घरापर्यंत तिने माझा हात धरला होता, रीतसर नव्हे, नुसताच.